माझा टेप आणि बाकीच्यांचे दहा सेंटिमीटर

२ मार्च
निर्णय झाला. घराचं नूतनीकरण. सूत्रं माझ्या हाती.
कारण आई. खुब्याच्या ऑपरेशननंतर दोन महिने माझ्या धाकट्या बहिणीकडे आहे. धाकटीची बदली झाली, पाच एप्रिलला तिचा सामानाचा ट्रक निघणार. त्या दिवशी आई इथे येणार. तोवर मागची खोली आणि तिला लागून असलेली बाथरूम अशी करायची, की वॉकर घेऊन तिला सुखाने हिंडता येईल. ओघाने स्वयंपाकघरही करून घेऊ. एकदा धूळ उडायचीच आहे, तर सगळी उडू दे.
धाकटी फोनवर म्हणाली, दादा, जमणार नसेल तर आत्ताच सांग, तुमच्या बागेसमोर ते केअर सेंटर आहे, तिथे नाव नोंदवून ठेवते. मी म्हणालो, माझी आई सेंटरमध्ये? मी जिवंत असताना?
चौतीस दिवस आहेत. मी पंधरा धरतो.
संकल्प: रोज प्रगतीची नोंद. कोणावर ओरडायचं नाही. सौ.चं ऐकून घ्यायचं. (ऐकायचं नाही. ऐकून घ्यायचं.)

४ मार्च
सौ.ने एका इंटिरियर डिझायनर बाईंना बोलावलं. साठीच्या असतील. सव्वीस वर्षं हेच काम करतात म्हणे. एकही चित्र दाखवलं नाही. बाथरूमचं दार सात वेळा उघडून लावून पाहिलं. जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि खालून खोली बघितली. मग विचारलं, आई रात्री किती वेळा उठतात? डाव्या हाताला धरतात की उजव्या? वॉकर किती रुंद आहे?
मला यांतलं एकही उत्तर माहीत नव्हतं, पण प्रश्नांचा सूर आवडला नाही.
मी कपाटातून माझा पितळी डबीचा टेप काढून पुढे केला. म्हणाल्या, राहू दे, मी दुसऱ्याच्या टेपने माप घेत नाही.
मला! एकतीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक असलेल्या माणसाला! या भागातले दुकानदार मला लांबून बघूनच तागडी पुसायला लागतात.
वर म्हणतात, मी एकदा मोजते, मग माझा माणूस पुन्हा मोजतो, दोन्ही जुळलं तरच काम सुरू. म्हणजे स्वतःवरच विश्वास नाही. सव्वीस वर्षांनंतरही. त्यांना चहा देऊन वाटेला लावलं.

५ मार्च
मेहुण्याने डिझायनिंगचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केला आहे. योगायोग याला म्हणतात. लॅपटॉप घेऊन आला. पडद्यावर आमचंच घर, पण ओळखू येईना इतकं सुंदर. आईच्या खोलीला त्याने ‘रॉयल सीनियर स्वीट’ असं नाव दिलं आहे. खिडकीशी पांढरी पँट घातलेला एक सडसडीत गृहस्थ पुस्तक वाचत उभा आहे. चेहरा नाही, पण उभं राहण्याची ढब माझीच.
मी टेप पुढे केला. त्याने दोन्ही हातांनी घेतला. म्हणाला, भावजी, तुमचा टेप म्हणजे शेवटचा शब्द. याला म्हणतात संस्कार.
सौ. म्हणाली, अहो, माझा सख्खा भाऊ आहे म्हणूनच सांगते, नको. फिश टँकचं दुकान आठवतंय ना? मासे बुडाले होते त्याचे.
तिला स्वतःच्या माहेरचं कौतुक नाही, हे मी लग्नापासून बघतोय. अनुभव कोणालाही असतो. नजर असावी लागते.

७ मार्च
मापं घेतली. मेहुण्याने टेप धरला, मी आकडे लिहिले. टेपमध्ये मधे एक रिव्हेटचा सांधा आहे, गुंडाळताना तिथे जरा अडखळतो. जुन्या कारागिरीची खूण. हल्ली असे टेप मिळत नाहीत. अठरा वर्षांपूर्वी एका गालिचेवाल्याने दुकानातच, डोळ्यांत पाणी आणून, तो माझ्या हवाली केला होता. नोकरीत अशी माणसं जोडली मी.
धाकटीला फोन करून वॉकरची रुंदी विचारली. अडुसष्ट. बघा, हेही मी केलं. बाईंनी सांगितलं म्हणून नव्हे. सुचलंच.
आईच्या खोलीचं जुनं दार उगाच ऐसपैस आहे. मेहुणा तिथे सरकतं दार बसवणार. भिंतीवर पंच्याहत्तरच्या खुणा केल्या. वॉकरला सात सेंटिमीटर मोकळे. मी म्हणालो, आईसाठी हात आखडता घेऊ नकोस. तो म्हणाला, घेतलाच नाही भावजी.

११ मार्च
तोडफोड सुरू. मागची खोली हॉलमध्ये आली, स्वयंपाकघरही हॉलमध्ये आलं आणि हॉल गॅलरीत गेला. फ्रिज आणि शोकेस यांच्यामधून पुढच्या बाथरूमला जाता येतं. आडवं व्हायचं, श्वास सोडायचा, पलीकडे जाऊन घ्यायचा. सौ.ला जमतं. मी आजपासून भात अर्धा केला.
गवंड्याने दाराच्या दोन्ही बाजूंनी खुणांपर्यंत भिंत आणली. सुबक.
आईच्या औषधांसाठी पलंगाशेजारी तीस सेंटिमीटरची फळी बसवली. तंतोतंत बसली. सौ.ला मुद्दाम बोलावून दाखवली. ती म्हणाली, छान, फळी आली, आता खोली येऊ दे.

१६ मार्च
सुताराने वर्कशॉपमध्ये बनवलेलं आईचं कपाट आणलं. भिंत दोनशे चाळीस, कपाट दोनशे अडतीस. बसायला हवं होतं. बसेना. ढकलून पाहिलं. तिरकं करून पाहिलं. सुताराने स्वतःचा टेप लावला आणि म्हणाला, साहेब, तुमची भिंत दोनशे तीसच आहे.
भिंत कधी आकसते का? मी शांतपणे विचारलं, तुमचा टेप कुठला? तो म्हणाला, बाजारातला. मी म्हणालो, तेच.
कपाट तात्पुरतं पॅसेजमध्ये उभं केलं.

१७ मार्च, सकाळी ८.३०
कपाट पॅसेजमध्ये अडकलं. ना पुढे, ना मागे. बाहेरचं दार त्याच्या पलीकडे. मी अलीकडे.
ऑफिसला फोन. साहेबांनी कारण विचारलं. कपाट म्हणालो. त्यांनी रजेच्या अर्जात तसंच लिहायला सांगितलं.

१८ मार्च
अजून आतच. दूधवाला खिडकीच्या गजांतून पिशवी देतो आणि कसे आहात विचारतो. तुरुंगातल्या माणसाला विचारतात तसं.
सौ. कालपासून एकच वाक्य बोलते: तुम्ही माणसं ओळखण्यात पटाईत आहात.
संध्याकाळी सुतार आला आणि त्याने कपाटाचे दोन तुकडे केले. बाहेर जाऊन कोपऱ्यापर्यंत चालून आलो. हवा इतकी चांगली असते, हे माणूस विसरतो.

२० मार्च
बाथरूमचा आरसा आला. दहा सेंटिमीटर मोठा.
स्वयंपाकघराच्या ओट्याचा दगड आला. दहा सेंटिमीटर मोठा. खिडकीत घुसतो.
पडदे आले. दहा सेंटिमीटर लांब, जमीन पुसतात. मेहुणा म्हणाला, हल्ली तशीच फॅशन आहे. ते पटलं. बाकीचं नाही.
एकाने चूक केली तर चूक. सुतार, काचवाला, दगडवाला, पडदेवाला, चौघेही नेमके दहानेच चुकतात? याला संगनमत म्हणतात. एकतीस वर्षांची नजर आहे माझी.
आईचा फोन. माझी खोली झाली का रे? म्हणालो, शेवटचा हात चाललाय. ती म्हणाली, पहिला कधी झाला?

२३ मार्च
सुताराचा टेप मागून घेतला, रीतसर पावती देऊन. ऑफिसात नेऊन प्रमाण-पट्टीशी लावला. केसाचाही फरक नाही.
म्हणजे तो दोन टेप बाळगतो. एक दाखवायचा, एक कामाचा. सराईत आहे.
सौ.ने विचारलं, तुमचा तपासलात का? मी हसलो. सोनं कसोटीवर घासतात. कसोटी कशावर घासणार?

२४ मार्च
सुतार टेप परत न्यायला आला आणि म्हणाला, यापुढे मी तुमचा कागद बघणार नाही, फक्त भोक बघणार. भोक आहे तेवढं दार करून देतो, मग माझी सुटका करा. मी म्हणालो, सुटका मलाही हवी आहे. त्याने माझ्याकडे पहिल्यांदाच प्रेमाने पाहिलं.

२७ मार्च
मेहुण्याला काढावं का, असा विचार क्षणभर आला. पण साल्याला काढायचं कसं? नोकर काढता येतो, कंत्राटदार काढता येतो. मेहुणा काढायचा तर आधी त्याची बहीण सोडावी लागते, आणि सध्या ती फ्रिजच्या पलीकडे आहे.
शिवाय काढलं तर ती म्हणणार, मी सांगत होते. त्यापेक्षा ओटा खिडकीत घुसलेला बरा.
मेहुणा मात्र रोज नवं चित्र आणतो. आजच्या चित्रात पांढऱ्या पँटवाल्याला टक्कल आहे. 

३१ मार्च
सौ. म्हणाली, त्या बाईंना फोन करू का? मी म्हणालो, खुशाल कर, पण माझ्या प्रेतावरून. ती म्हणाली, प्रेत ठेवायला तरी जागा कुठाय?
सरकतं दार लागलं. एका बोटाने सरकतं. सकाळपासून पन्नास वेळा सरकवलं. सुतार हिशेब मिटवून गेला, मागे वळून बघितलं नाही. कपाट जोडून बसवलं, दहा सेंटिमीटर कापून. एक दार उघडत नाही, पण आईला लुगड्यांना एवढी दारं लागतात कुठे?
खोली तयार! हॉल, स्वयंपाकघर आणि गॅलरी सोडल्यास काम संपलं.

४ एप्रिल
धाकटीचा फोन. दादा, खरं सांग. सेंटरवाले उद्या संध्याकाळपर्यंत जागा धरून ठेवतात. मी म्हणालो, सोडून दे म्हणावं. ती म्हणाली, धरूनच ठेवते. घरात माझ्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस आहे, आणि तो फिश टँकवाला.
उद्याचा कार्यक्रम: आई दारात. मी खोलीत, खिडकीशी, पुस्तक घेऊन. पांढरी पँट इस्त्रीला दिली आहे.

५ एप्रिल, सकाळी ९.००
पँट कमरेला होत नाही. राखाडी घातली.

सकाळी ११.४०
आईच्या खोलीतून लिहीत आहे.
आई साडेदहाला आली. हॉलमधून पलंग, फ्रिज, शोकेस यांना वळसे घालत दारापर्यंत पोचायलाच दहा मिनिटं गेली. मी आत खिडकीशी उभा. म्हणालो, ये आई, ही तुझी खोली. आईने वॉकर पुढे केला. खट् वाजलं. पुन्हा केला. खट्.
आई म्हणाली, अरे, हे दार कोणासाठी केलंस?
मी म्हणालो, कोन चुकतोय. आईला खुर्चीवर बसवायला सांगितलं आणि आतून वॉकर तिरका धरून ओढला. मेहुण्याने बाहेरून ढकलला. अर्धा आला आणि पाचरीसारखा बसला. मी आणखी जोर केला, तसं सरकतं दार रुळावरून उतरलं आणि वॉकरवर तिरकं पडून रुतलं. खाली वॉकर, वर दार, मधे वीतभर फट. तीतून कप येतो. मी जात नाही.
खिडकीला गज. ते मीच बसवून घेतले होते. सुरक्षेसाठी.

दुपारी १२.१५
फटीतून आई दिसते. फ्रिज आणि शोकेसच्या मधे, खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन. तिला उठायचं तर वॉकर हवा. वॉकर माझ्या दारात. म्हणजे आम्ही दोघंही अडकलो आहोत आणि एकमेकांचं कुलूप आहोत.
मी म्हणालो, आई, पाच मिनिटं. ती म्हणाली, मला घाई नाही. पडदे छान आहेत, फरशी पुसायला माणूस नको.
मेहुणा म्हणाला, चित्रात वॉकर जात होता.
सौ. कोणाशी तरी फोनवर हळू बोलते आहे. मला प्रेत व्हायला सध्या फुरसत नाही.

दुपारी १.३०
त्या बाई आल्या. आल्या आल्या माझ्याकडे बघितलंही नाही. आईजवळ वाकून विचारलं, आजी, बाथरूमला जायचंय का? आई म्हणाली, तासभर झाला, पण कोणी विचारलंच नाही. बाई आणि सौ.ने दोन्हीकडून धरून तिला पुढच्या बाथरूमला नेलं, आडवं करून, फ्रिज आणि शोकेसच्या मधून. येताना फ्रिज सरकवला. तो सरकतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं.
मग एका स्क्रू-ड्रायव्हरने दार उतरवलं, वॉकरचे दोन खटके दाबून तो मिटला आणि बाहेर काढला. आठ मिनिटं. वॉकर मिटतो, हेही आम्हाला माहीत नव्हतं.
मी बाहेर आलो. 

दुपारी ४.००
लिहिणं भाग आहे. रोज नोंदीचा संकल्प आहे.
बाईंनी आपल्या टेपने दार मोजलं. पासष्ट. मेहुण्याने कागद दाखवला: पंच्याहत्तर. बाईंनी विचारलं, मोजलं कशाने? मेहुण्याने माझा टेप दिला. बाई तो हळूहळू ओढत गेल्या. रिव्हेटच्या सांध्याशी थांबल्या आणि मला म्हणाल्या, वाचा.
अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. एकावन्न.
पुन्हा वाचलं. चाळीस. एकावन्न.
मधले दहा कोणीतरी कापून काढले आहेत आणि दोन टोकं रिव्हेटने जोडली आहेत. चाळीसच्या आतलं सगळं बरोबर, म्हणून औषधाची फळी बसली. त्यापुढचं सगळं दहाने खोटं.
बाईंनी डबी उलटी केली. पाठीवर मळकी चिठ्ठी होती. मी ती किमतीची समजत होतो. त्यांनी अंगठ्याने पुसली. खाली शाईत, माझ्याच अक्षरात: जप्त. दहा सें.मी. कमी. प्रकरण संपल्यावर नष्ट करावा. तारीख अठरा वर्षांपूर्वीची. माझी सही.
तो गालिचेवाला का रडत होता, ते आता आठवलं.
आईने चिठ्ठी हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, अक्षर मात्र तुझं वळणदार आहे हो.
मेहुण्याचा चेहरा उजळला. म्हणाला, म्हणजे भावजी, माझं माप बरोबर होतं! बाई म्हणाल्या, नाही. टेप न बघता घेतलेलं माप बरोबर नसतंच. मीही पहिल्या वर्षी एका घरमालकिणीच्या टेपवर अख्खं स्वयंपाकघर केलं होतं. त्या बाई अजून रस्त्यात दिसल्या की मी गल्ली बदलते. तेव्हापासून टेप माझा, आणि दोनदा. तुमची ही चूक आज झाली, बरं झालं. पुढच्या घरी होणार नाही.
मला त्या काहीच म्हणाल्या नाहीत. एकतीस वर्षांना काय म्हणणार?
सौ.ने टेप गुंडाळून माझ्यापुढे ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं.
बाईंनी सांगितलं, भिंत पुन्हा फोडून दार नव्वदचं, बाथरूमला धरायचा दांडा, हॉल मोकळा, बारा दिवस. मी विचारलं, नऊ नाही होणार? त्या म्हणाल्या, बारा.
मी म्हणालो, आई, तोवर तू हॉलमध्ये झोप, मी गॅलरीत जातो. तिने चहूकडे नजर फिरवली. म्हणाली, धाकटीने धरलेली जागा आहे ना, तिथे सोड मला. मी म्हणालो, सेंटरमध्ये? मी जिवंत असताना? ती म्हणाली, अरे, जिवंत आहेस रे. पण अडकलेला आहेस.
मेहुण्याने वॉकर धरला, मी बॅग. मुक्कामी पोचवून आलो.

६ एप्रिल
आईचा फोन सकाळी सातला. खोली लहान आहे, पण दार रुंद. तिने तिथल्या नर्सला मोजायला लावलं: नव्वद. शेजारणीला सांगितलं म्हणे, माझा मुलगा वजनमाप खात्यात आहे. मग विचारलं, माझी खोली झाली का रे?
म्हणालो, नाही गं.
टेप ऑफिसात जमा केला. नष्ट करण्याच्या नोंदीवर सही केली. अक्षर वळणदार आलं नाही.
बाई आणि त्यांचा माणूस आले. मेहुणाही आला, लॅपटॉप न घेता, वही घेऊन. बाई सांगतात ते लिहून घेतो.
मी विचारलं, मी काही करू का? बाईंनी क्षणभर विचार केला आणि आपल्या टेपचं सुरुवातीचं टोक माझ्या हातात दिलं. भिंतीला टेकवून धरायचं. हलवायचं नाही, असं बजावलं.
मी दिवसभर धरलं. हललं नाही.